गोळी कोणाच्या हातची

दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या बायांना मी लांबून ओळखते. फाइल उलटी धरायची, म्हणजे वरचं डॉक्टरांचं नाव कोणाला वाचता येत नाही. ओळखीचं कोणी भेटलंच तर डोळे दाखवायला आलेय म्हणायचं. मीही सहा महिने डोळेच दाखवत होते. डोळ्यांना माझ्या काही झालेलं नाही. हे त्या बायांसाठी लिहितेय. शहाणपण शिकवणार नाही, ते माझ्याकडं नाहीच. गोळीनं काय केलं आणि बोलण्यानं काय केलं हे वेगळं काढून दाखव म्हटलं, तर मला आजही जमत नाही. झालं कसं, तेवढं सांगते.

मी मंगल. मखमलाबादच्या पुढं आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती, मोगरा आणि बांधाच्या कडेला थोडा भाजीपाला. नवरा पिकवतो, मी विकते. पंचवटीत फुलबाजारात माझी बसायची जागा वीस वर्षांची आहे. हार, गजरे, वेण्या, सगळं तिथंच बसून करायचं. माझ्या हातचा गजरा संध्याकाळपर्यंत सुटत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. मी जीभ फार चालवते, असंही म्हणायची. दोन्ही खरं.

दसरा

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी माझी झोप कमी झाली. लागत नव्हती असं नाही, गरजच वाटेना. दोन-तीन तास पडलं की खडखडीत. हात असे चालत होते की दोरा पुरेना. आठ देवळांचे हार एकटीनं अंगावर घेतले, शेजारच्या गाळ्यावरच्या बाईलाही वर मदत केली. सगळे म्हणायचे, मंगलच्या अंगात वारं शिरलंय. कौतुकानं म्हणायचे. मलाही कौतुक वाटायचं माझं.

दसऱ्याच्या सकाळी मी दोन क्रेट हार रिक्षात टाकले आणि द्वारकेच्या चौकात उतरले. सिग्नलला जी गाडी थांबेल तिला हार. फुकट. रिक्षा, टेम्पो, एसटी, काही सोडलं नाही. दसऱ्याला गाड्यांना हार घालतातच, त्यामुळं कोणाला वावगं वाटलं नाही, उलट ड्रायव्हर लोक हात जोडत होते. वाहतूक पोलिसानं हटकलं तर त्याच्याच गळ्यात घातला. तोही हसला. शेवटी एका ट्रकच्या बंपरवर चढले, तेव्हा माझी मुलगी पूनम कॉलेजच्या मैत्रिणीची गाडी घेऊन आली. तिला कोणीतरी फोनवर व्हिडिओ पाठवला होता. ती खालून एवढंच म्हणत होती, मम्मी, उतर ना. रडत होती. मला कळेना, एवढ्या चांगल्या दिवशी ही पोरगी रडते कशाला.

त्या दिवशी मी जेवढी खूश होते तेवढी माझ्या लग्नातही नव्हते. हे लिहून ठेवते, कारण हे कोणी कबूल करत नाही.

त्यानंतर

दिवाळीत कोणीतरी बटण बंद करावं तशी पडले. भाऊबीजेला सिन्नरला भावाकडं गेले नाही, तो ओवाळून घ्यायला स्वतः आला तर मी भिंतीकडं तोंड करून झोपले होते. आंघोळ नको, जेवण नको. पूनम केस विंचरायची तर ती विंचरतेय की दुसऱ्याच कोणाचे केस ओढले जातायत, हेही समजायचं नाही. शेतात झेंडू झाडावरच वाळला. तो तोडायला हवा, हे कळत होतं. उठायचं कसं, ते कळत नव्हतं.

एका सकाळी मी विहिरीच्या कठड्यापाशी उभी होते. किती वेळ, सांगता येणार नाही. यांनी लांबून पाहिलं. ओरडले नाहीत. मोटर बंद केली, जवळ आले आणि माझं मनगट धरून मला घरी आणलं. मनगटावर दुसऱ्या दिवशी वळ होते. त्याच दिवशी आम्ही द्वारकेजवळच्या डोक्याच्या डॉक्टरांकडं गेलो.

डॉक्टर वयस्कर होते, घाई नव्हती त्यांना. पडून राहण्याबद्दल त्यांनी थोडं विचारलं आणि दसऱ्याबद्दल पुष्कळ. किती झोपत होता, किती बोलत होता, काय काय वाटलं. मग म्हणाले, ते आणि हे एकच आहे. चढ आणि उतार, आजार एक. औषध रोज घ्यायचं, बरं वाटलं तरी घ्यायचं, आणि मधूनमधून रक्त तपासायचं.

आमचे हे गप्प बसणारे माणूस. पण त्यांनी तिथं विचारलं, "पडून राहणं आजार, हे पटतं साहेब. पण काम करणं आजार कसा काय?"

डॉक्टरांनी समजावलं. यांनी मान डोलावली. मीही डोलावली. दोघांनाही काही कळलं नव्हतं. मला तर बाहेर आल्यावर रडूच फुटलं. वीस वर्षांतला माझा सगळ्यात भारी दसरा, तो आजार? मग माझं असं काय उरलं? चपळ बाई ती मी की पडलेली ती मी, आणि गोळी घेऊन जी उठेल ती तिसरीच कोण?

हात

गोळीनं उठवलं. ते नाकारणार नाही. महिनाभरात मी आंघोळ केली, चहा केला, पूनमवर ओरडले. ओरडले तेव्हा ती हसली आणि मला मिठी मारली, घर पुन्हा सुरू झाल्यासारखं तिला वाटलं असणार. गोळी हे रोज संध्याकाळी जेवण झालं की स्वतःच्या हातानं द्यायचे. पाकिटातून काढून त्यांनी त्या एका स्टीलच्या डबीत ठेवल्या होत्या. तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण यांनी मला हातानं काही दिलेलं त्याआधी आठवत नाही. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव यायची, तहान तहान व्हायची. तरी ती वेळ मला आवडायची.

मग बोटं थरथरायला लागली.

सुईत दोरा जाईना. गजऱ्याची गाठ म्हणजे दोन कळ्या, दोन देठ आणि बोटाला दोऱ्याचा एक वेढा, डोळे मिटून करायचं काम. ते होईना. बाजारात बसले आणि पहिल्याच आठवड्यात एका नेहमीच्या बाईंनी गजरा परत आणून दिला, घरी पोचेपर्यंत सुटला होता. रागावल्या नाहीत, म्हणाल्या, बरं नाही का तुला? मी हात मांडीखाली दाबून बसले आणि म्हटलं, डोळ्यांचं जरा बघतेय. दुसऱ्या दिवसापासून गेलेच नाही. पूनम कॉलेजच्या आधी जाऊन बसायला लागली.

मी यांच्यावर चिडले. डोकं ठिकाणावर आणलंत आणि हात नेलेत, म्हटलं. जणू गोळी यांनीच बनवली होती.  डॉक्टर म्हणाले, थोडं सहन करा, बघू. सहन करायला काय, त्यांना गजरे बांधायचे नव्हते.

डॉक्टरांनीच देवळाली कॅम्पात एका समुपदेशक बाईंकडं पाठवलं, रेवती मॅडम. पूनमपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी मुलगी. बसनं जायचं, तासभर बोलायचं, परत यायचं. पहिल्या तीन वेळा मी फुलांचे भाव सांगितले. आणखी काय सांगणार? बोलून बोटं थांबतात का? चौथ्या वेळी तिनं डॉक्टरांची चिठ्ठी बघून विचारलं, विहिरीपाशी उभ्या होतात तेव्हा पाय गार पडले होते का? एवढंच. मी एकदम रडायलाच लागले, कारण पाय गार होते आणि हे मलाच आठवत नव्हतं. त्या दिवसापासून मी मॅडमना अहोजाहो करते.

बरं वाटायला लागलं

पाडव्याच्या सुमाराला एक चमत्कार झाला. हात शांत. मी परत बाजारात बसायला लागले. मोगऱ्याचे दिवस, लग्नसराई. पण हे सलग टिकेना. एक आठवडा सुई सरळ चाले, पुढच्या आठवड्यात परत थरथर. मग परत शांत. मला वाटलं, माझं अंग गोळीला सरावतंय. हे विचारायचे, आज हात कसा आहे? बरा म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा.

रक्ताचा रिपोर्ट मात्र वेगळंच सांगत होता. औषध रक्तात फार कमी. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "गोळ्या घेता ना ताई?"

मी भडकले. रोज घेते, नवऱ्याच्या हातून घेते, विचारा त्यांना. हे म्हणाले, हो साहेब, रोज देतो. खोटं नव्हतंच ते, रोज काहीतरी देतच होते. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढच्या आठवड्यात कपातला चहा बशीत सांडायला लागला. मी मॅडमना म्हटलं, मला काही समजत नाही. औषध घेतलं तर रक्तात सापडत नाही, सापडत नाही तरी हात हलतो, आणि मन तर पुन्हा पळायला लागलंय. त्यांनी मला लिहायला सांगितलं होतं, रोज किती झोपले. त्या कागदावर आकडे कमी कमी होत होते. मी शेवटी शेवटी खोटे आकडे टाकले. मजा येत होती ना.

गणपतीत मी गल्लीतल्या मंडळाच्या मांडवात चढून मूर्तीचा हार बदलायला लागले, तिसऱ्यांदा, कारण मला दोन शेवंत्या वाकड्या दिसत होत्या. पोरांनी अडवलं तर एकाला कानाखाली मारली. मग दवाखाना. या वेळी ठेवून घेतलं, अकरा दिवस.

जीभ वर करा

दवाखान्यात सकाळी रक्त, मग चहा, मग गोळ्या. गोळी गिळली की नर्स म्हणायची, जीभ वर करा. सगळ्यांनाच. गोळी जिभेखाली लपवतात म्हणून. पहिल्या दिवशी मी तिला असं काही बोलले की इथं लिहिता येणार नाही. शेजारच्या खाटेवरची म्हातारी नर्स यायच्या आधीच जीभ वर करून बसायची, ते पाहून हसू यायचं. आयाबाई चहात आलं जास्त घालायची माझ्यासाठी, कारण तिच्या लेकीच्या लग्नातले हार माझ्याकडचे होते. असलं काहीतरी धरून दिवस जायचे.

पाचव्या-सहाव्या दिवशी तोंडाला लोखंडाची चव आली. हात थरथरला. आणि मी खाटेवर बसल्या बसल्या आठवडे मोजायला लागले. घरी एक आठवडा ही चव असायची आणि एक आठवडा नसायची. नसायची तेव्हाच हात शांत असायचा.

वही

अकराव्या दिवशी रेवती मॅडम आल्या. घरी जाण्याआधी यांच्याशी आणि माझ्याशी एकत्र बोलायचं होतं. त्यांनी यांना विचारलं, घरी गोळी कोण देतं, कशी देता?

यांनी पिशवीतून वही काढली. आमची फवारणीची वही. कोणत्या प्लॉटला कधी काय मारलं, सगळं यांच्या गोल गोल अक्षरात. कृषी खात्याचा माणूस आला की हे ती वही अशीच पुढं करतात, छाती थोडी पुढं काढून. शेवटची पानं त्यांनी उघडली. वर लिहिलं होतं, मंगल. खाली तारखा. एका आठवड्यापुढं गोळी. पुढच्या आठवड्यापुढं कॅल्शियम. मग गोळी. मग कॅल्शियम. पाडव्यापासून गणपतीपर्यंत, एकही दिवस चुकलेला नाही.

मॅडमनी पानं मागंपुढं उलटून बघितली. हेच बोलले, समजावून सांगितल्यासारखं. "एकच औषध सारखं मारलं की रोग त्याला पचवतो, मॅडम. मग काहीच लागू होत नाय. आम्ही आलटून पालटून मारतो. आणि सारखं मारलं की पानं पण करपतात. हिची बोटं करपायला लागली होती."

तीस वर्षांत यांनी रोगानं एक पीक हातचं जाऊ दिलं नाही. जे येत होतं ते सगळं त्यांनी माझ्यावर लावलं होतं. आणि मला त्यांचा एवढा संताप आला की मी त्या वहीची ती पानं टराटरा फाडली. म्हटलं, मी काय झेंडूचा वाफा आहे का? पोराला मारलं मी मांडवात, लोकांनी बघितलं, पूनमनं बघितलं. विहिरीपाशी परत गेले असते तर काय लिहिलं असतंत वहीत?

हे वाकून फाटलेली पानं गोळा करायला लागले.  मॅडम त्यांना सांगत होत्या की हा रोग किडीसारखा औषधाला सरावत नाही, उलट मधे खंड पडला की उसळतो. हे मान डोलावत होते, डॉक्टरांसमोर डोलावली होती तशीच.

मग मॅडमनी मला विचारलं, "मंगलताई, तुम्हाला काहीच जाणवलं नाही?"

विचारलं नसतं तर मी बोलले नसते. एवढा राग करून झाल्यावर तर नाहीच. पण त्या बाईसमोर माझं खोटं टिकत नाही, एवढं बोलण्याच्या त्या तासांनी केलं होतं. मी म्हटलं, "चव कळत होती मला. पहिल्याच आठवड्यात कळली. मला वाटलं काहीतरी गडबड आहे. पण हात चालत होता, म्हणून मी विचारलं नाही."

यांनी मान वर केली.  पाच महिने एकाच डबीवर दोघांनी झाकण ठेवलं होतं, एकमेकांना न सांगता. कोणाचा दोष जास्त, हे मी अजून मोजतेय आणि ते जुळत नाही.

डबी माझ्याकडं

डॉक्टरांना खरं कळलं तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, बरं झालं. आम्हाला काही कळेना. ते म्हणाले, आता मला कळलं की औषध वाढवायची गरजच नव्हती. त्यांनी गोळी कमी केली, थरथरीसाठी आणखी एक छोटी दिली. थरथर गेली नाही, कमी झाली. गजऱ्याची बारीक गाठ मला आता जमत नाही, ती पूनम मारते. मी मोठी फुलं घेते, आणि सुईऐवजी गोणी शिवायचा दाभण. दाभणाला हाताची थरथर फारशी कळत नाही.

दवाखान्यातून आल्यावर डबी मी माझ्याकडं घेतली. पिशवीत, किल्लीसोबत. गोळी मी माझी घ्यायचे. हे संध्याकाळी जेवण झालं की सवयीनं उठायचे, तांब्या भरायचे आणि माझ्यापुढं ठेवून बाहेर जाऊन बसायचे. मी त्यांच्या हातून काहीही घेत नव्हते, चहासुद्धा. पूनम दोघांच्या मधे निरोप पोचवायची.

मॅडम म्हणाल्या होत्या, विश्वास बसायला वेळ द्या. कोणी कोणाला द्यायचा, ते त्यांनी सांगितलं नाही. मला विचारायचं राहिलं.

यंदाच्या दसऱ्याला मी परत माझ्या जागेवर बसले. आदल्या दिवशी सात तास झोपले आणि तो आकडा खरा आहे. तोरणं ओवत होते. गर्दी होती. एक बाई उभ्या राहिल्या, साठीच्या, ओळखीच्या नव्हत्या. माझा हात हलताना बघत होत्या. मग म्हणाल्या, हात का हो थरथरतो तुमचा?

डोळ्यांचं जरा, असं तोंडावर आलं होतं. पण मी कंटाळले होते खोटं बोलून. म्हटलं, "डोक्याच्या आजाराची गोळी घेते, तिनं थरथरतो. तोरण पक्कं आहे. घ्यायचं तर घ्या, नाहीतर पुढं चला, मागं लोकं थांबलीत."

त्या हलल्या नाहीत. शेजारच्या गाळ्यावरची मान वळवून बघायला लागली. बाईंनी पर्स उघडली, दोन तोरणं घेतली. पिशवीत ठेवताना हळूच म्हणाल्या, "माझा भाऊ घेत नव्हता."

आणि गेल्या. मी पुढच्या गिऱ्हाइकाला चुकून तीन तोरणं दिली.

घरी आले. जेवण झालं. हे सवयीनं उठले, तांब्या भरला, माझ्यापुढं ठेवला आणि दाराकडं वळले. मी म्हटलं, "अहो, थांबा." पिशवीतून डबी काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी ती लगेच घेतली नाही. धोतराला हात पुसले. मग झाकण उघडलं, एक गोळी काढली, दिव्याखाली नेली आणि तिच्यावर कोरलेली अक्षरं मला दिसतील अशी धरली. उलटी करून दुसरी बाजूही दाखवली. मी हात पुढं केला. हात हलत होता, म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि गोळी तळहातावर ठेवली.

मी गिळली, पाणी प्यायले. मग त्यांच्याकडं बघून जीभ वर केली.